डावा झोत

नाट्यगृहाच्या बाल्कनीमागे, अगदी छताला टेकलेली एक खोली होती. खोली आपली नावापुरती. उंच माणसाला तिथे मान वाकवून उभं राहावं लागे, आणि बुटक्या माणसाला रंगमंच दिसत नसे. बॅटरीताई बुटक्या होत्या. त्या एका लाकडी खोक्यावर उभ्या राहत. समोरच्या भिंतीत दोन चौकोनी भोकं आणि प्रत्येक भोकापाशी तिवईवर बसवलेला एकेक लांबट, जड दिवा. उजव्या दिव्यावरच्या माणसाला सगळे उजवा म्हणत. डाव्या दिव्यावर बॅटरीताई. त्यांना डावी म्हणायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

त्या दिव्याचं काम सांगायला सोपं आहे. रंगमंचावर माणूस चालतो आणि त्याच्याबरोबर उजेडाचं एक वर्तुळ चालतं. सावली जशी ज्याची त्याची असते, तसं ते वर्तुळही त्या माणसाचंच असावं असं बघणाऱ्यांना वाटत राहतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, हे ज्या दिवशी लोकांच्या लक्षात येतं, तो त्या हातांचा वाईट दिवस.

हातांना कामं बरीच असतात. एक हात दिव्याच्या मागच्या मुठीवर. त्याने दिवा फिरवायचा. इथे बोटभर हललं की तिकडे रंगमंचावर झोत हातभर सरकतो, म्हणून मूठ आवळायची नाही, नुसती धरून ठेवायची. दुसऱ्या हाताशी दांड्या. एका दांडीने आतल्या पत्र्याच्या पाकळ्या मिटतात आणि वर्तुळ लहान होत होत फक्त चेहऱ्यापुरतं उरतं. दुसरीने वर्तुळाची कड धारदार किंवा मऊ होते. तिसरी दांडी झाकणाची. दिवा एकदा पेटवला की प्रयोग संपेपर्यंत विझवत नाहीत, कारण विझवला तर तो गार होईस्तोवर पुन्हा पेटायला तयार होत नाही. म्हणून उजेड नको असेल तेव्हा झाकण पाडायचं. दिवा आत जळत राहतो आणि बाहेर अंधार असतो. हे बॅटरीताईंना सुरुवातीला फार विचित्र वाटलं होतं. पुढे त्यांचं लग्न झालं आणि मग त्यात विचित्र काही वाटेनासं झालं.

त्या या नाट्यगृहात आल्या तेव्हा दाराशी तिकिटं फाडायच्या आणि उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायच्या. बॅटरीताई हे नाव तेव्हापासूनचं. त्यांची एक लकब होती. त्या लोकांच्या तोंडावर उजेड मारत नसत, पुढच्या पावलावर मारत. वरच्या खोलीत तेव्हा जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मध्यंतराची शेवटची घंटा होऊन दिवे मालवू लागले तेव्हा मामा अजून बाल्कनीतून खाली बघत होते. त्यांनी ही मुलगी पाहिली आणि मॅनेजरला म्हणाले, ही मला द्या.

मामांनी पहिल्याच दिवशी तिला रंगमंचावर उभं केलं आणि वर जाऊन झोत तिच्यावर सोडला. "काय दिसतंय?" वरून मामा ओरडले. काहीही दिसत नव्हतं. समोर पांढरी भिंत होती आणि भिंतीतून ऊब येत होती. खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत, स्वतःचे पायसुद्धा नीट दिसत नव्हते. "आता चाल," मामा म्हणाले. ती दोन पावलं चालली आणि थांबली. "का थांबलीस?" "कड कुठे आहे कळत नाही." "हं," मामा म्हणाले, "हे विसरू नकोस. आपण ज्याला दाखवतो, त्याला आपण आंधळं करतो."

मामा मोठं बोलत, पण शिकवत बारीक. पायाकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. पाय उचलायच्या आधी खांद्याला खबर लागलेली असते. माणसाच्या मागे राहा, पण मागे आहेस असं दिसू देऊ नकोस. आणि काही झालं तरी पुढे जाऊ नकोस. पुढे गेलेला झोत म्हणजे आगाऊपणा.

मामा गेले. मुठीवरचा रंग मामांच्या हाताने उडाला होता, उरलेला ताईंच्या हाताने उडाला. केस पिकले. आणि खांद्याकडे बघायची सवय अशी अंगात मुरली की ती घरीसुद्धा जाईना. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो ताटावरून उठायच्या बेतात आला की त्याच्या हातात टॉवेल आलेला असे. "मी अजून विचारच करत होतो," तो म्हणे. सासूबाई म्हणत, "लोकांवर उजेड पाडत फिरतेस, आणि मोरीतला बल्ब गेलाय तो आठवडाभर तसाच आहे." बल्ब बदलणं हे खरं तर नवऱ्याचं काम, पण सासूबाईंच्या मते उजेडाचं खातं सुनेकडे होतं.

नाट्यगृहात या सगळ्या वर्षांत मुख्य नाटकं कुणाची, तर बाईंची. बाई म्हणजे मोठ्या बाई. त्या गात आणि अभिनय करत, आणि दोन्ही गोष्टी अशा करत की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये. डावा झोत पहिल्यापासून त्यांच्यावर. बाईंचं आणि ताईंचं बोलणं फारसं नव्हतं. येता-जाता बाई म्हणत, "काय गं बॅटरी, सेल आहेत ना?" आणि ताई म्हणत, "आहेत बाई." एवढंच. पण पाऊल टाकण्याआधी बाई डावा खांदा किंचित खाली सोडतात, वरचा सूर लावण्याआधी हनुवटी आत घेतात, आणि खोटं रडताना श्वास धरतात पण खरं रडू आलं तर सोडतात, हे सगळं बाईंच्या नवऱ्यालाही कदाचित माहीत नसेल इतकं ताईंना माहीत होतं.

सध्याचं नाटक एका खाणावळवालीचं होतं. शेवटच्या प्रवेशात सगळे तिला सोडून जातात. सगळे दिवे मालवतात, उजवा आपलं झाकण पाडतो, आणि काळोखात फक्त बाई आणि डावा झोत. बाई खुर्चीतून उठतात, गात गात डावीकडच्या दारापाशी जातात, दार उघडतात आणि उभ्या राहतात. पडदा. नाटक जोरात चाललं होतं.

आणि एका प्रयोगात हे घडलं. बाई उठल्या. डावा खांदा खाली आला. ताईंचा हात निघाला. इतके प्रयोग झाल्यावर हाताला रस्ता पाठ असतो. झोत दाराकडे सरकला, आणि त्याच्यात बाई नव्हत्या. नुसती फरशी, दाराची चौकट आणि मोकळा उजेड. बाई खुर्चीपाशीच अंधारात उभ्या होत्या. गाणं मात्र चालू होतं, एक सूर इकडचा तिकडे नाही. ताईंनी झोत मागे आणला. बाई त्यात सापडल्या, त्यांनी इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि मग त्या दाराकडे निघाल्या.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक वर आले. त्यांना सगळे सर म्हणत. ते वयाने ताईंच्या धाकट्या भावाएवढे होते आणि खोलीत शिरताना त्यांचं डोकं नेहमी आपटे. आजही आपटलं, आणि त्याने प्रकरण सोपं झालं नाही.

"ताई, काय होतं ते?"

बाई हलल्या नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलं. पण ताईंना त्या अंधारातून सापडलेला चेहरा आठवला. बाई विसरल्या नव्हत्या. विसरलेला नट कसा दिसतो ते ताईंना माहीत होतं. तो आत बघतो. बाई बाहेर बघत होत्या, एखाद्या अनोळखी बसथांब्यावर उतरलेल्या माणसासारख्या.

"हात सुटला माझा," ताई म्हणाल्या.

"तुमचा हात?"

"वय झालं, सर."

"परत असं झालं तर डावा दिवा याच्याकडे देईन," ते उजव्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तुम्ही उजवा घ्या."

ते गेल्यावर उजव्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला. तो दिव्याजवळ ठेवल्यामुळे त्याची बिस्किटं कायम भाजल्यासारखी गरम असत. "या की इकडे," तो म्हणाला. "इकडे वारा बरा येतो. पण ताई, मला एक सांगा, हात तुमचा सुटला की त्यांचा पाय अडला?"

"तू बिस्किट खा."

आठवड्याने एका वर्तमानपत्रात नाटकावर कुणीतरी लिहिलं. अखेरच्या प्रवेशातल्या रिकाम्या वर्तुळाचं त्यात फार कौतुक होतं. नायिका स्वतःच्या आयुष्यातून आधीच निघून गेली आहे, हे त्या उजेडाने न बोलता सांगितलं, असं लिहिलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि ताईंशी पुन्हा बोलू लागले. धमकी मात्र मागे घेतली नाही.

आता डावा दिवा हातातून जाणं म्हणजे नुसता मान जाणं नव्हतं. उजवा कामाला चोख होता. बाईंनी जिथे जायला हवं तिथे तो झोत नेला असता, त्या चुकल्या तर थांबून त्यांची वाट बघितली असती, आणि दुसऱ्याच प्रयोगाला सगळ्या नाट्यगृहाला कळलं असतं की बाईंना रंगमंचावरची दिशा सापडत नाही. बाईंचं रंगमंचावर उभं राहणं आता ताईंच्या मनगटावर होतं, आणि हे बाईंना माहीत आहे की नाही हेसुद्धा ताईंना माहीत नव्हतं.

म्हणून त्यांनी हाताची सगळी पाठांतरं पुसून टाकली. प्रत्येक प्रयोग पहिला असल्यासारखा बघायचा. बाई टेबलाच्या डाव्या बाजूने जायच्या त्या उजव्या बाजूने गेल्या, तर झोत जराही न कचरता उजव्या बाजूने. बाई खिडकीशी बोलायचं वाक्य कपाटाशी बोलल्या, तर कपाट उजळलं. उजेड जिथे न बिचकता जातो ती जागा बरोबर ठरते. प्रेक्षक उजेडावर विश्वास ठेवतात, आणि खरं तर सरसुद्धा. एकदा सर म्हणाले, "बाई हल्ली प्रत्येक प्रयोगात नवीन काहीतरी करतात नाही? या वयात." हेडफोनवरून सूचना देणारा, विंगेतला दादा म्हणाला, "हो ना, आमची तारांबळ उडते."

शब्द कधी चुकले नाहीत. सूर कधी चुकला नाही. फक्त रंगमंच त्यांच्या पायांखाली गुपचूप फिरत असे.

मग वरच्या खोलीत मध्यंतराला चहा येऊ लागला. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. बाईंच्या मेकअप रूममधून, बशीने झाकलेला, एकच कप. उजवा म्हणाला, "मला नाही. म्हणजे प्रकरण तुमच्या दोघींतच आहे. पिण्याआधी वास घेऊन बघा." ताईंनी चहा प्यायला. त्यांना कळलं की बाईंना कळलंय. बोलणं मात्र तेच. येता-जाता बाई म्हणत, "सेल आहेत ना?" आणि ताई म्हणत, "आहेत बाई."

त्या दिवसांत घरी एक छोटी गोष्ट झाली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्या खांद्यात उठायची हालचाल दिसली आणि ताईंनी काठी त्यांच्या हातात दिली. सासूबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"काय हवं होतं, आई?"

"मला काय ठाऊक. मला कुठं उठायचं होतं? पाठ खाजत होती. तू काठी दिलीस म्हणून उठले."

नवरा पोट धरून हसला. ताईही हसल्या, पण नंतर भांडी विसळताना त्यांचा हात मधेच थांबला होता.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह भरलेलं. शेवटचा प्रवेश लागला, सगळे निघून गेले, दिवे मालवले, उजव्याने झाकण पाडलं. बाई उठल्या, डावा खांदा खाली आला. आणि त्या डावीकडे वळल्याच नाहीत, सरळ समोर निघाल्या. गात, सावकाश, दाराकडे निघालेल्या बाईच्या चालीने.

समोर रंगमंचाची कड होती आणि कडेच्या खाली वादक बसायचा खड्डा. कडेवर एक चमकणारी पट्टी चिकटवलेली असते, पण ती अंधारात चमकते. झोतात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही. बाईंच्या समोर पांढरी भिंत होती आणि ती भिंत ताईंनी उभी केली होती.

झाकण पाडता आलं असतं. पण दिपलेल्या डोळ्यांना अंधारात लगेच काही दिसत नाही, आणि चालणारा माणूस अंधार झाला म्हणून त्याच क्षणी थांबत नाही. एखादं पाऊल पडतंच. झोत तसाच धरून हाक मारता आली असती, पण वरच्या खोलीतून हाक मारली तर ती फार तर बाल्कनीच्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचली असती. खाली व्हायोलिनवाल्याने व्हायोलिन मांडीवर ठेवलं होतं आणि दोन्ही हात वर केले होते, जिन्यावरून उतरणाऱ्या लहान मुलासाठी करतात तसे.

ताईंनी झोत सोडला. म्हणजे बाईंवरून सोडला. वीतभर डावीकडे. बाईंचा उजवा गाल अंधारात गेला.

बाईंचं पाऊल अडलं. कुठल्याही जुन्या नटाला विचारा, चेहऱ्यावरचा उजेड कमी झाला की ते त्याच्या डोळ्यांच्या आधी कातडीला कळतं, आणि तो विचार न करता उजेडात सरकतो. घसा बसला तरी, ताप असला तरी, अंगाची ती खोड जात नाही. बाई अर्धं पाऊल डावीकडे सरकल्या. चेहरा पुन्हा उजेडात आला. ताईंनी झोत आणखी सरकवला. आता मागे नव्हत्या त्या. पुढे होत्या, चक्क पुढे, आणि बाई त्यांच्या मागे येत होत्या.

"ताई, काय चाललंय?" हेडफोनमध्ये दादा म्हणाला. "झोत पुढे पळतोय. ताई? ऐकताय ना?"

ताईंनी हेडफोन मानेवर ओढला. बाई कडेला समांतर चालत होत्या, गाणं चालू होतं, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा बाहेर. मग कड मागे राहिली. मग टेबल आलं, ते ओलांडलं. मग दार. बाईंचा हात कडीवर पडला तेव्हा ताईंनी पाकळ्या मिटत मिटत वर्तुळ चेहऱ्यापुरतं केलं आणि तसंच धरून ठेवलं. पडदा पडला. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

उजव्याने बराच वेळ काही खाल्लं नाही. "मी कुणाला बोलणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण ताई, खड्डा तिथून हलणार नाहीये."

ताई जिने उतरून थेट मेकअप रूममध्ये गेल्या. बाई आरशासमोर बसून कापसाने रंग पुसत होत्या. कपाळ पुसून झालं होतं, खालचा चेहरा अजून खाणावळवालीचा होता.

"आज तू मला ओढलंस," बाई आरशातून म्हणाल्या.

"हो, बाई."

"मामा असते तर तुझा हात तोडला असता त्यांनी."

"तोडला असता."

बाईंनी कापूस बदलला. "पण जमलं की नाही? मला कळलं गं लगेच. बाजूला उजेड दिसला की समजायचं, तिकडे जायचं. सोपं आहे. आता असंच करत जा. तू पुढे, मी मागे. कुणाला पत्ता लागणार नाही."

ताई दाराशीच उभ्या होत्या. येताना जिन्यावर त्यांनी बरंच काही जुळवलं होतं, पण हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं की बाई खूश असतील.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"काय नाही जमायचं?"

"दिव्याला हात नसतो, बाई. तुम्ही पडलात, तर पडलेल्या बाई तेवढ्या नीट दाखवेन मी. धरता नाही येणार."

"पडणार कोण आहे?"

"आज तीन पावलं राहिली होती."

बाईंचा कापूस थांबला. त्यांना ते माहीत नव्हतं. आरशात त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. आणि ज्या माणसाला घाबरल्याचं दाखवायचं नसतं तो जे करतो ते त्यांनी केलं.

"दारात तिकिटं फाडत होतीस तू," त्या म्हणाल्या. "माझ्या नाटकाची. आता तू मला सांगणार, मी कुठे चालायचं?"

"तुम्ही सरांना सांगा."

"काय सांगू? डोकं फिरलंय म्हणून?"

"काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. बुधवारी तालीम आहे. नाहीतर मी सांगते."

"सांग ना. तुलाही घालवतील. इतके प्रयोग कोण झाकत होतं? तुझा हात सुटला होता ना?"

"घालवतील," ताई म्हणाल्या.

हे इतकं साधं उत्तर होतं की बाईंना त्यावर चढता आवाज लावता आला नाही. त्यांनी उरलेला अर्धा चेहरा पुसला. आता त्या नुसत्याच एक म्हाताऱ्या बाई दिसत होत्या, जराशा दमलेल्या.

"दार कुठे आहे ते मला माहीत असतं गं," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसलेली असते तेव्हा अगदी पक्कं माहीत असतं. उठले की ते तिथे नसतं." मग त्या म्हणाल्या, "जा आता. मला साडी बदलायची आहे."

सोमवार-मंगळवार ताई घरात ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या. नवऱ्याने विचारलं, "काय बिनसलं?" त्या म्हणाल्या, "बुधवारी माझं काम जाईल बहुतेक." नवरा लिफ्टवाला. अडकलेल्या माणसाला घाई करायची नाही, बाहेरून नुसतं बोलत राहायचं, हे त्याला ठाऊक होतं. तो मोरीतला बल्ब बदलताना स्टुलावरून इकडचं तिकडचं बोलत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. घरात राहील." मग जरा वेळाने म्हणाल्या, "पण मग उजेडाचं बघणार कोण?"

बुधवारी ताई तालमीच्या वेळेआधी पोचल्या. काय बोलायचं ते त्यांनी घोकून ठेवलं होतं. रंगमंचावर मोजकेच दिवे होते. सर खुर्चीवर उलटे बसले होते, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, आणि समोर बाई उभ्या होत्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीत.

"एकटीने चालायचा कंटाळा आलाय मला," बाई सांगत होत्या. "इतके प्रयोग झाले. सगळे सोडून जातात, मान्य. पण ती भांडी घासणारी पोरगी का जाते? तिला कुठे जागा आहे जायला? ती राहील. मी उठले की ती माझा हात धरेल आणि आम्ही दोघी दारापर्यंत जाऊ. ती काही बोलणार नाही. नुसता हात."

सर विचार करत होते. "एकटेपणाचं काय मग?"

"हात धरलेला माणूस एकटा नसतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी मान वर केली. हे त्यांना आवडल्याचं लांबूनही कळत होतं. पोरीचं काम करणारी नटी विंगेत च्युइंगम चघळत होती, तिला पुढे बोलावलं. बाईंनी तिचा हात धरला, जरा जोरातच. मुलगी म्हणाली, "बाई, दुखतंय." बाई म्हणाल्या, "सवय कर. आणि तोंडातलं थुंकून ये."

दोघी चालून दाखवत होत्या तेव्हा सरांचं लक्ष ताईंकडे गेलं. "ताई, बोला. काही काम होतं?"

ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. नजरेत विनंती नव्हती, दटावणीही नव्हती. झालं ना तुझ्या मनासारखं, एवढंच होतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "हेच बघायला आले होते."

"आणि आणखी एक," बाई सरांकडे वळून म्हणाल्या. "शेवटचा झोत आता दोघींवर येणार. त्याला दमदार हात लागेल. डावा दिवा उजव्याला द्या. रविवारी बॅटरीचा हात पुन्हा पुढे पळाला. दादाला विचारा."

विंगेतून दादा म्हणाला, "हो, पळाला होता खरा."

सर ओशाळले. त्यांनी धमकी दिली होती, पण ती खरी करायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नसावं. "ताई, तुमची हरकत?"

बाईंना आपल्या मागे असा हात नको होता ज्याला सगळं माहीत आहे. ताईंना ते समजलं, आणि रागही आला. दोन्ही एकदमच. "माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त दोघींच्या मधे झोत धरू नको म्हणावं त्याला. बाईंवर धरायचा. मुलगी आपोआप येते."

रविवारी त्यांनी आपलं खोकं उजव्या दिव्यापाशी ओढलं. उजवा डावीकडे गेला, पण त्याला उजवाच म्हणत राहिले. इकडे वारा खरोखरच बरा येत होता. नव्या दिव्याची मूठ हाताला परकी होती, जराशी सैल, आणि पहिल्या अंकात त्यांचा झोत खाणावळीत येणाऱ्या प्रवाशावर होता, जो कुठेही पाय टाकायचा नि खांद्याला न सांगता टाकायचा. त्याच्यामागे धावताना ताईंना घाम फुटला.

मध्यंतराला चहा आला नाही.

शेवटचा प्रवेश लागला. दिवे मालवले. ताईंनी आपलं झाकण पाडलं. डावा झोत बाईंवर होता. उजव्याचा हात जड पण सच्चा. मुलीने बाईंचा हात धरला. बाई उठल्या. मुलगी दाराच्या दिशेला निघाली, बाई तिच्याबरोबर, आणि दोघी एकाच उजेडात. कड लांब होती. व्हायोलिनवाल्याचे हात व्हायोलिनवर होते. चुकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताईंच्या हातांना काम नव्हतं. त्यांनी ते कमरेवर ठेवले, मग खाली सोडले. खांद्याकडे बघायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी बघणं सोडून दिलं, आणि तेव्हा गाणं ऐकू आलं. इतके प्रयोग ते त्यांच्या कानांवरून गेलं होतं, पण त्या त्यातून फक्त श्वास मोजत होत्या. पाऊल कधी पडेल, हनुवटी कधी आत जाईल, एवढंच ऐकत होत्या. गाण्यात शब्द होते. खाणावळवाली म्हणत होती की पाहुणे गेल्यावर घर मोठं होत जातं आणि मग ते झाडून संपत नाही. चाल बरी होती. दुसरं कडवं जरा लांबलंय असं ताईंना वाटलं. त्या खोक्यावरून उतरल्या आणि दिसत काहीच नव्हतं तरी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.